जावयाचा जामीन

रिसालदार मल्हारराव जगतापांनी आपल्या जावयाचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. लग्न होऊन वर्ष उलटलं होतं, तेही तिकडं इंग्लंडात, कुठल्याशा कचेरीत सह्या करून. बेंगळूरच्या गवीपुरममधल्या घरात त्या माणसाला 'तो' म्हणत, आणि तो शब्दसुद्धा मल्हारराव अगदीच अडलं तर वापरत. घरात त्यांच्याशिवाय थोरली बहीण ठकुबाई होती. मल्हाररावांची बायको लवकर गेली, तेव्हापासून लेकीला, नीरजाला, वाढवलं ते या विधवा आत्यानंच. तिला जावयाच्या नावाचं काही वावडं नव्हतं. नाव होतं इश्तवान. ठकुबाईंनी ते एकदोनदा घोळवून बघितलं आणि सांगून टाकलं, "म्हणजे आपला ईश्वरच की!"

"अक्का, पुरे," मल्हारराव म्हणाले, आणि विषय तिथंच मिटला.

त्यांचा राग निव्वळ परक्या रक्ताचा नव्हता. जगताप घराणं तीनशे वर्षांपूर्वी शहाजीराजांच्या फौजेबरोबर या मुलखात उतरलं आणि इथलंच होऊन गेलं. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. मल्हाररावांची सगळी हयात म्हैसूरच्या घोडदळात गेली. नीरजा नर्सिंग शिकायला विलायतेला निघाली तेव्हाच त्यांनी पलटणीतल्या एका जुन्या सोबत्याला, त्याच्या मुलासाठी, तिच्याबद्दल शब्द दिला होता. तो मोडावा लागला. ज्याच्याबरोबर एका तंबूत झोपलो त्याच्या दारात जाऊन मान खाली घालायची वेळ पोरीनं आणली, हे त्यांना गिळता येत नव्हतं. तिच्या पत्रांना ठकुबाई शेजारणीकडून लिहवून उत्तर पाठवत. मल्हारराव पत्र वाचत, घडी घालत आणि ठेवून देत.

आता ती दोघं इकडं यायला निघाली होती. इश्तवान काच फुंकणारा कारागीर होता. प्रयोगशाळेत लागणाऱ्या नळ्या, फुगे, वेटोळी तो भट्टीच्या ज्वाळेवर घडवायचा. बेंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये असा माणूस हवा होता, नीरजानं जाहिरात बघून त्याला अर्ज करायला लावला आणि काम पक्कं झालं. दोघं बोटीनं कोलंबोला येणार, तिथून विमानानं मद्रास, आणि मद्रासहून रात्रीच्या गाडीनं घरी. ठकुबाईंनी चकल्या तळून ठेवल्या होत्या. मल्हारराव म्हणाले होते, "स्टेशनावर टांगे मिळतात. घ्यायला माणूस कशाला जायला हवा?"

एकोणीसशे एकोणसाठचा नोव्हेंबर होता. मद्रासच्या किनाऱ्यावर वादळ आलं, आणि दुपारी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाचे मालक हयवदनराव अंगात नुसता बनियन, अशा अवतारात धावत आले. आळीत फोन तेवढा त्यांच्याकडेच होता.

"रिसालदार, नीरजाचा फोन! विमान मद्रासला उतरेना म्हणून इकडं आणलंय, एचएएलच्या धावपट्टीवर. ती म्हणाली, मला जायला सांगतायत, पण ह्यांना सोडत नाहीत. अण्णांना लगेच पाठवा. बोलता बोलता लाइनच गेली."

मल्हारराव आरामखुर्चीतून उठले नाहीत. "सोडत नाहीत म्हणजे काहीतरी कारण असणार."

ठकुबाई आतून आल्या. हात पिठानं भरलेले. "कारण असो नाहीतर नसो. पोर चार वर्षांनी गावात आलीय आणि तिकडं अडकून पडलीय. तुला जायचं नसेल तर सांग, मी जाते. मला विमान कसलं असतं ते ठाऊक नाही, पण रस्ता विचारता येतो."

मल्हाररावांनी कोट चढवला, जरीची किनार असलेली पगडी घातली आणि चामराजपेटेच्या नाक्यावरून टॅक्सी घेतली. सबंध रस्ता त्यांनी मनाशी एकच गोष्ट पक्की केली होती. पोरीला घरी आणायचं. त्याचं काय करायचं ते सरकार बघेल.

एचएएल या विमानांच्या कारखान्याच्या धावपट्टीकडेला तेव्हा एक बैठी इमारत होती. परदेशातून आलेली माणसं तिथं उतरत नसत, त्यामुळं पासपोर्ट बघायची सोय अशी नव्हतीच. आज तातडीनं ओसरीत एक टेबल मांडलं होतं, दोन खांबांना दोरी बांधली होती, आणि शहरातून जीपनं आलेले एक पोलीस इन्स्पेक्टर टेबलामागं बसून एकेकाची कागदपत्रं तपासत होते. बहुतेक उतारू सुटून गेले होते. चहाच्या मळ्याचा एक गोरा मालक सिगारेट ओढत आपल्या गाडीची वाट बघत होता. पलीकडं विमान उभं होतं, आणि वैमानिक वरचेवर घड्याळात बघत होता.

नीरजा दोरीच्या पलीकडं एका बाकावर बसली होती. मल्हाररावांना बघताच ती उठली. तिच्या अंगावर जाड निळी साडी, वरून लोकरीचा कोट. गेली तेव्हा पोर होती, आता चेहरा बाईमाणसाचा झाला होता.

"अण्णा," ती म्हणाली. दोरीवरूनच वाकून तिनं त्यांच्या पायांना हात लावला.

तिच्या मागं तो उभा होता. अंगानं सडपातळ, केस पिंगट, कपाळाला लवकर आलेलं टक्कल. हाताच्या बोटांवर जुन्या भाजल्याचे पांढुरके डाग. मल्हाररावांच्या डोळ्यांपुढं नेहमी एक धिप्पाड, मस्तवाल गोरा यायचा. हा तसा नव्हता. त्यानं हात जोडले, नीट, छातीपाशी, आणि मान लववली. मल्हाररावांनी नजर वळवली.

इन्स्पेक्टर उठून पुढं आले. "या रिसालदारसाहेब. मी शिवाप्पा. मी चिक्कोडीकडचा, मराठी येतंय मला. बसा की स्वल्प." खुर्ची त्यांच्याकडं सरकवून ते म्हणाले, "तुमच्या मुलीचं काही नाही बघा. हिंदी पासपोर्ट आहे, शिक्का मारला, ती कधीही जाऊ शकते. अडलंय ते ह्यांचं." त्यांनी एक निळं पुस्तक पुढं केलं. "हा पासपोर्ट नाहीच. इंग्लंडच्या सरकारनं दिलेलं प्रवासाचं कागद आहे. आपल्या लंडनच्या कचेरीचा शिक्का आहे, खरं, पण तो मद्रासला उतरायचा. आणि हे कुठल्या देशाचे, तर कुठल्याच नाहीत. मी नोकरीत असा माणूस बघितला नाही. दिल्लीला फोन लावतोय, वादळानं लाइनी पडल्यात. विमान उजेड आहे तोवर कोलंबोला परत निघणार. तोवर काही झालं नाही तर ह्यांना त्यातच बसवावं लागेल."

मल्हारराव लेकीकडं वळले. "कुठल्याच देशाचा नाही म्हणजे?"

"हंगेरीचे आहेत, अण्णा. तीन वर्षांपूर्वी तिथं लोक उठले होते, रशियाचे रणगाडे आले. पत्रात लिहिलं होतं मी."

पत्रात लिहिलं होतं हे खरंच. मल्हाररावांनी वाचलंही होतं. पण ज्या माणसाबद्दल काही जाणून घ्यायचंच नाही त्याच्याबद्दलचा मजकूर डोळ्यांखालून जातो, मनात उतरत नाही.

"बरं," ते म्हणाले. "असं कर. तू घरी चल. अक्का वाट बघतेय. हा कोलंबोला जाऊ दे, कागद नीट झाले की येईल मागाहून."

नीरजानं ते इंग्रजीत नवऱ्याला सांगितलं. सांगायला नको होतं असं मल्हाररावांना वाटलं, पण तिनं शब्दन् शब्द सांगितला. तो ऐकून इश्तवान काहीतरी हळू आवाजात म्हणाला.

"काय म्हणतोय?"

"म्हणतायत, तुझे वडील बरोबर बोलतायत, तू घरी जा. माझी सवय आहे थांबायची." नीरजानं नाकानं जोरात श्वास घेतला. लहानपणी हट्टाला पेटली की ती अशीच करायची. "पण मी जाणार नाही, अण्णा. ते त्या विमानात बसले तर मीही बसणार. मला तुमच्या घरी यायचंय, पण ह्यांना इथं सोडून नाही."

तिचा आवाज चढला नाही. घोडदळात मल्हाररावांनी ओरडणारी माणसं पुष्कळ बघितली होती आणि ती वेळेला कुठं जातात तेही बघितलं होतं. न ओरडणारी टिकतात. पोरीचा राग यायला हवा होता, पण छातीत कुठंतरी अभिमानाची ऊब आली, आणि त्यामुळं ते आणखीनच चिडले.

एवढ्यात तो मळेवाला जवळ आला. इतका वेळ तो ऐकत होता. सिगारेट पायाखाली चिरडून तो इन्स्पेक्टरना म्हणाला, "अहो, तीन वर्षं हा माणूस इंग्लंडात राहतोय, कागद इंग्लंडचा, बायको ब्रिटिश इस्पितळात. ब्रिटिश लिहा आणि सोडा. आम्हाला तर व्हिसाही लागत नाही. मी सांगतो तो ब्रिटिश आहे म्हणून. कोण बघायला येतंय?"

शिवाप्पांनी कान खाजवला. ते कायद्याचे होते, पण निष्ठुर नव्हते. समोर लेक, बाप, परतीला टेकलेलं विमान. ते मल्हाररावांना मराठीत म्हणाले, "ह्यांनी स्वतः अर्जावर लिहून सही केली तर मी जास्त खोलात जाणार नाही. काय करू सांगा की."

आणि मल्हारराव, ज्यांनी मोडलेल्या एका शब्दापायी लेकीशी वर्षभर अबोला धरला होता, ते पटकन म्हणाले, "लिहू दे की ब्रिटिश. सही करू दे आणि संपवा हे एकदाचं. लोक बघतायत."

अर्ज आणि टाक इश्तवानपुढं ठेवला. नीरजानं त्याला सगळं समजावलं. समजावताना तिचा चेहरा कोरा होता, हो म्हण की नको म्हण, काही नाही. त्यानं टाक उचलला. नाव लिहिलं, जन्मगाव लिहिलं, आईबापांची नावं लिहिली. राष्ट्रीयत्वाच्या रकान्यापाशी थांबला. मग टाक टेबलावर आडवा ठेवला आणि इन्स्पेक्टरना म्हणाला, "सर, आय कॅनॉट."

मळेवाला हसला. "अरे, एक शब्द तर आहे!"

इश्तवान बोलू लागला. त्याचं इंग्रजी अडखळत चालायचं, आणि मल्हाररावांचं इंग्रजी पलटणीपुरतं, म्हणून नीरजा शेजारी उभी राहून मराठीत सांगत गेली. बुडापेस्टला तो काचेच्या कारखान्यात होता. बंड मोडल्यावर चौकशी करणारे लोक आले. त्याच्या भट्टीवर एक म्हातारा मुकादम होता, ज्यानं त्याला काच फुंकायला शिकवलं. त्या म्हाताऱ्यानं बंदुका वाटल्या, असं एका कागदावर टाइप केलेलं होतं. खाली बऱ्याच जणांनी सह्या केल्या होत्या. इश्तवानलाही कर म्हणाले. एक सही, मग घरी जा, कामावर राहा. म्हाताऱ्यानं बंदूक हातात धरलीही नव्हती.

"ह्यांनी सही केली नाही," नीरजा म्हणाली. "दुसऱ्या रात्री आईचा निरोप घेतला आणि बर्फातून चालत सरहद्द ओलांडली. तेव्हापासून आईला बघितलेलं नाही. आता म्हणतायत..." ती थांबली. तिचे डोळे भरले होते, पण तिनं ते पुसले नाहीत. "म्हणतायत, खोटं लिहून द्यायला नको म्हणून देश सोडला, आणि आता देशात शिरायला खोटं लिहून देऊ? ते सुद्धा तुझ्या वडिलांच्या देखत? त्यांच्या घरात पहिलं पाऊल असं टाकायचं नाही मला."

मळेवाल्यानं टोपी काढली, उगीच आत बघितलं, पुन्हा घातली आणि आपल्या गाडीकडं निघून गेला.

मल्हाररावांना घाम फुटला होता. लाज कशी असते हे ते जवळजवळ विसरले होते. पलटणीत त्यांनी खोटी हजेरी लावणाऱ्या जवानांना कडक शिक्षा केल्या होत्या, आणि आत्ता, चार परक्या माणसांसमोर अवघडायला नको म्हणून, त्यांनीच याला खोटं लिही म्हणून सांगितलं होतं. ज्याला माज असेल, ढंग असतील, म्हणून वर्षभर मनात शिव्या घातल्या तो माणूस समोर उभा होता. घर नाही, गाव नाही, आई असून नसल्यासारखी, आणि तरीही ताठ. ताठपणाचा आवही नाही त्यात. टेबलावर ठेवलेला टाक घरंगळू नये म्हणून त्यानं तो अलगद दौतीला टेकवून ठेवला होता. तेवढ्यावरसुद्धा मल्हाररावांची नजर खिळून राहिली.

ते उठले. पगडी सारखी केली.

"इन्स्पेक्टर, दुसरा मार्ग काय? सरळ मार्ग."

शिवाप्पा जणू याचीच वाट बघत होते. "एक आहे. गावातल्या जबाबदार माणसानं हमी लिहून द्यायची. माणूस माझ्या घरी राहील, दर सोमवारी पोलीस कचेरीत हजर करीन, दिल्लीचा हुकूम येईस्तोवर गाव सोडणार नाही, सोडला तर मला धरा. व्हिसा खराच आहे, तेवढ्यावर मी ठेवून घेतो. पण साहेब, जोखीम आहे. उद्या वरून काही वेगळंच आलं तर तुमच्या दारात पोलीस येणार. पेन्शनलाही हात लागू शकतो."

"कागद आणा."

"अण्णा," नीरजा म्हणाली, "नीट विचार करा."

"तू गप्प बस. तुझ्याशी नंतर बोलायचंय," ते म्हणाले, पण आवाजात धार नव्हती.

शिवाप्पांनी हमीपत्र पुढं ओढलं आणि विचारत विचारत भरू लागले. नाव. वय. राहणार. नोकरी, हुद्दा.

"परदेशी इसमाशी नातं?"

मल्हाररावांनी घसा खाकरला. ओसरीत एक शिपाई दोरी सोडत होता, तोही थांबून बघायला लागला.

"जावई," ते म्हणाले. मग इन्स्पेक्टरना ऐकू गेलं नसेल असं वाटून, किंवा स्वतःलाच पुन्हा ऐकायचं होतं म्हणून, जरा मोठ्यानं म्हणाले, "जावई आहेत माझे. इश्तवान."

"किती दिवसांची ओळख?"

"आज दुपारची." शिवाप्पांनी वर बघितलं. "असंच लिहा. पण भरपूर बघितलं म्हणावं."

शिवाप्पांनी हसू दाबलं आणि ते खरंच तसंच लिहिलं. राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात त्यांनी निळ्या पुस्तकात होतं तेच उतरवून काढलं: निर्वासित. मल्हाररावांनी खाली मोडीच्या वळणाची आपली जुनी, लपेटेदार सही केली. इश्तवाननं सही केली. शिक्का बसला.

बाहेर वैमानिकानं पंखे सुरू केले. त्या आवाजात इश्तवान काहीतरी बोलला, ते नीरजालाही ऐकू आलं नाही. मल्हाररावांनी हातानंच नको नको केलं आणि त्याच्या हातातली पेटी घेऊ लागले. तो देईना. दोघं त्या पेटीची एकेक कडी धरून टॅक्सीपर्यंत चालत गेले, आणि मागून नीरजा, रडत आणि हसत.

घरी ठकुबाई दारात भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. दोघांवरून तुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं आणि जावयाला वरपासून खालपर्यंत निरखून म्हणाल्या, "ह्याच्या हाताला काय झालंय रे? किती भाजलंय ते!"

"काम करणाऱ्याचे हात आहेत, अक्का," मल्हारराव म्हणाले. "त्यांना आधी जेवायला वाढ."

'त्यांना' हा शब्द ठकुबाईंनी बरोबर टिपला, पण त्या शहाण्या होत्या, ताट वाढायला आत वळल्या.

दिल्लीहून हुकूम यायला सात महिने गेले. तेवढे सगळे सोमवार सासराजावई बरोबर पोलीस कचेरीत गेले. नीरजाला इथल्या इस्पितळात काम लागलं होतं, आणि हजर करीन असं लिहून दिलेलं होतं मल्हाररावांनी, तेव्हा पाठवून देणं त्यांना पटायचं नाही, स्वतः नेऊन उभं करायचे. सुरुवातीला वाटेत दोघांत बोलणं म्हणून नसायचंच. मग इश्तवान दुकानांच्या पाट्यांकडं बोट दाखवून विचारू लागला, आणि मल्हारराव मराठीत आणि कन्नडात सांगू लागले. परतताना एका हॉटेलात बाय-टू कॉफी, एक मागवायची आणि दोघांत करून घ्यायची. ओळखीचं कोणी भेटलं आणि हे साहेब कोण म्हणून विचारलं, तर मल्हारराव सांगत, "आमचे जावई. काचेचे कारागीर आहेत, टाटा इन्स्टिट्यूटात. पण ते राहू द्या, विमानतळावर काय झालं ते ऐका." आणि ती हकिगत पहिल्यापासून सांगत. त्यात आपण ब्रिटिश लिहायला सांगितलं हा भागही गाळत नसत. उलट तिथं जरा थांबून म्हणत, "मी चुकलो होतो, आणि ह्यांनी मला चुकू दिलं नाही."

ज्या सोबत्याला शब्द दिला होता त्यालाही त्यांनी जाऊन हेच सांगितलं. सगळं ऐकून तो म्हणाला, "माझ्या मुलानं सही करून टाकली असती रे." त्यानंतर दोघांचं येणंजाणं पुन्हा सुरू झालं.

जूनमध्ये शिवाप्पा स्वतः हुकूम घेऊन गवीपुरमला आले. राहायची परवानगी पक्की, हजेरी माफ. ठकुबाईंनी त्यांना जेवू घालूनच सोडलं. सगळे खुशीत होते. इश्तवानला तर त्या रात्री झोपच लागली नाही असं नीरजा सांगत होती.

पुढच्या सोमवारी सकाळी मल्हारराव कोट घालून बूट बांधत बसले. आतून इश्तवानही शर्ट खोचत बाहेर आला. ठकुबाई चुलीपुढून बघत होत्या.

"आता कुठं निघालात रे दोघं? हजेरी माफ झाली ना?"

मल्हाररावांनी बुटाची नाडी ओढली. "झाली की. पण कॉफी प्यायला जायचं नाही, असं काही दिल्लीनं लिहिलेलं नाही."